फळ्या जोडून सपाट पॅनेल करताना: क्लॅम्प कोणते, किती आणि कसे

टेबलाचा टॉप, कपाटाची बाजू, बाकाची बैठक, रुंद शेल्फ, असं काहीही करायला घेतलं की पहिली अडचण एकच येते. हवी तेवढी रुंद फळी मिळत नाही, आणि मिळालीच तरी ती सरळ राहील याची खात्री नसते. मग अरुंद फळ्या कडेला कड लावून गोंदाने जोडायच्या आणि गोंद सुकेपर्यंत क्लॅम्पमध्ये, म्हणजे दांडा, दोन जबडे आणि स्क्रू असलेल्या शिकंज्यात, आवळून ठेवायच्या. ऐकायला सोपं आहे, पण नवीन माणूस क्लॅम्प घ्यायला गेला की गोंधळतो, कारण समोर दहा प्रकार असतात आणि प्रत्येकावर 'लाकूडकामासाठी' असंच लिहिलेलं असतं.

त्यामुळे बहुतेकजण प्रत्येक प्रकारातला एकेक नग उचलतात. पॅनेलच्या कामाला ही खरेदी जवळजवळ निरुपयोगी ठरते. या कामाला एकाच प्रकारचे, एकाच लांबीचे, न वाकणारे निदान चार क्लॅम्प लागतात. पाच-सहा असले तर उत्तम. महागडा एक असण्यापेक्षा साधे पाच असणं कधीही चांगलं. असं का, आणि हे पाच कसे निवडायचे, ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. आधी पॅनेल मोजा

क्लॅम्प बघायला जाण्याआधी तुमच्या डोक्यातलं पॅनेल कागदावर उतरवा. चार मापं लागतात: पॅनेलची लांबी, रुंदी, जाडी आणि सगळ्यात बाहेरच्या फळीची रुंदी. हे चौथं माप कुणी मोजत नाही, पण क्लॅम्प किती लागणार ते बरंचसं त्यावरच ठरतं.

क्लॅम्प जिथे टेकतो तिथून दाब लाकडात साधारण ४५ अंशांनी पसरत जातो. म्हणजे बाहेरची फळी १० सेंमी रुंद असेल, तर पहिल्या सांध्यापर्यंत पोचेपर्यंत तो दाब दोन्ही बाजूंना १०-१० सेंमी पसरलेला असतो. दोन क्लॅम्पमध्ये २० सेंमी अंतर ठेवलं तरी मधली जागा कोरडी राहत नाही. पण बाहेरची फळी ४ सेंमीचीच असेल, तर दर ८ सेंमीवर क्लॅम्प लागेल. थोडक्यात, बाहेरच्या फळीच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त अंतर दोन क्लॅम्पमध्ये ठेवू नका.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे फळ्या मांडताना अरुंद पट्ट्या आत घ्या आणि रुंद फळ्या बाहेर. दुसरी म्हणजे कडेला अरुंद पट्टी टाळताच येत नसेल, तर तिच्या बाहेरून एक ८-१० सेंमी रुंद, सरळ रंधलेला टाकाऊ तुकडा लावा आणि क्लॅम्प त्यावर आवळा. दाब त्या तुकड्यातच पसरून पुढे जातो.

आता लांबी. ६० सेंमी रुंदीच्या पॅनेलला ६० सेंमीचा क्लॅम्प पुरत नाही. दोन्ही कडांना जबड्याचे वळ उठू नयेत म्हणून लावायच्या पट्ट्या असतात, वर उल्लेख केलेला टाकाऊ तुकडा लागला तर त्याची रुंदी असते, आणि स्क्रू पूर्ण मागे फिरवल्यावर आत-बाहेर करायला थोडी मोकळी जागाही हवी असते. ६० च्या पॅनेलला ७५ ते ८० सेंमी उघडणारा क्लॅम्प घ्या. 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून दीड मीटरचे घेऊ नका. ते जड असतात, दांडा पॅनेलच्या बाहेर हातभर लोंबत राहतो, येता-जाता त्याला धक्का लागतो आणि पॅनेल उचलताना तोल जातो.

२. दाब किती लागतो, याचा अंदाज घ्या

पांढऱ्या किंवा पिवळ्या पीव्हीए गोंदासाठी दाबाचे ढोबळ आकडे असे: मऊ लाकडाला दर चौरस सेंटीमीटरला ७ ते १० किलो, कठीण लाकडाला १२ ते १७ किलो.

समजा पॅनेल ९० सेंमी लांब आणि २ सेंमी जाड आहे. एका सांध्याचं क्षेत्रफळ झालं १८० चौरस सेंमी. दर चौरस सेंमीला १० किलो धरले तर एकूण १८०० किलो. हाताने व्यवस्थित आवळलेला चांगला क्लॅम्प ४०० किलोच्या आसपास दाब देतो असं धरलं, तर ५ क्लॅम्प झाले. बाहेरची फळी १० सेंमीची असेल तर अंतराच्या हिशोबानेही, दर २० सेंमीला एक, पाचच येतात. दोन्ही हिशोब करून बघा आणि जो आकडा मोठा येईल तो धरा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पॅनेलमध्ये सांधे जास्त म्हणून दाबही जास्त लागेल, असं वाटतं. तसं नाही. क्लॅम्पचा दाब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या सांध्यांमधून जातो, त्यामुळे तीन फळ्या असोत की आठ, जोर तेवढाच लागतो. जोर ठरतो तो पॅनेलच्या लांबीवर, जाडीवर आणि लाकडाच्या कठीणपणावर.

हे आकडे वाचून घाबरू नका. कडा नीट रंधलेल्या असतील, तर यापेक्षा बऱ्याच कमी दाबातही सांधा पक्का बसतो. उलट बाजूची भीतीही मनातून काढून टाका. 'जास्त आवळलं तर सगळा गोंद पिळून निघेल आणि सांधा कोरडा पडेल' असं फार ऐकू येतं, पण हाताच्या क्लॅम्पने तेवढा दाब क्वचितच पडतो. सांधा उपाशी राहतो तो बहुतेक वेळा गोंद कमी लावल्यामुळे किंवा उशिरा आवळल्यामुळे. इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) मात्र याला अपवाद आहे. तिला हलकाच दाब पुरतो, आणि तिचा थर थोडा जाड असलेलाच चांगला.

३. प्रकार ओळखा

*पाइप क्लॅम्प.* नवीन माणसाला मी हाच सुचवतो. यात तुम्ही फक्त दोन जबडे विकत घेता. एक आट्यांवर फिरवून पाइपच्या टोकाला बसतो, दुसरा पाइपवर सरकतो आणि त्यातल्या पोलादी चकत्या पाइपला पकडतात. पाइप वेगळा, हव्या त्या लांबीचा. पुढे मोठं पॅनेल आलं तर लांब पाइप बसवा किंवा सॉकेट लावून दोन पाइप जोडा. जोर भरपूर, दांडा चांगला ताठ.

हे अर्धा इंची आणि पाऊण इंची अशा दोन मापांत मिळतात. पॅनेलसाठी पाऊण इंची घ्या, तो स्पष्टपणे कमी वाकतो. मात्र ही मापं पाइपच्या नावाची आहेत, बाहेरच्या व्यासाची नाहीत. पाऊण इंची पाइप बाहेरून जवळजवळ २७ मिमी भरतो. त्यामुळे घरात पडलेला कुठलाही पाइप फुटपट्टीने मोजून 'बसेल' असं ठरवू नका. पाइप घ्यायला जाताना जबडे सोबत न्या आणि तिथेच फिरवून बघा. पाइपच्या दोन्ही टोकांना आटे पाडून घेतलेले बरे, म्हणजे पुढे सॉकेट लावता येतं. कापलेल्या टोकाची धार कानशीने घासून काढा, नाहीतर सरकता जबडा तिथे अडकतो आणि हातही कापतो.

पाइप क्लॅम्पचे दोष दोन. वजन हा पहिला. दुसरा म्हणजे काळा लोखंडी पाइप ओल्या गोंदाला लागला की लाकडावर निळसर काळा डाग पडतो. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आल्याचा हा परिणाम असतो. ओक, अक्रोड अशा टॅनिन भरपूर असलेल्या लाकडात तो खोल उतरतो आणि पॉलिश पेपरने सहजी जात नाही. उपाय अगदी साधा आहे. पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागदाची पट्टी ठेवा किंवा पाइपवर प्लास्टिकची टेप गुंडाळा.

*सॅश क्लॅम्प.* जाड पोलादी दांडा, त्यात ओळीने भोकं आणि भोकात खिळ घालून अडवलेला मागचा जबडा. टी आकाराच्या दांड्याचा सॅश क्लॅम्प हा पॅनेलच्या कामाचा खरा पहिलवान आहे. तो वाकत नाही, सटकत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. चपट्या पट्टीचा मात्र लांबीत वाकतो, म्हणून घेताना दांड्याचा छेद बघा. वापरलेले टी दांड्याचे सॅश क्लॅम्प मिळत असतील तर जरूर बघा. गंजलेला दांडा घासून निघतो, फक्त स्क्रूचे आटे झिजलेले नसावेत.

*पॅरलल क्लॅम्प.* याचे जबडे उंच असतात आणि दांड्याशी काटकोनात राहतात. कपाटाची चौकट जोडायला याच्यासारखं साधन नाही. पॅनेललाही उत्तम चालतो, आणि बऱ्याच क्लॅम्पच्या जबड्यांवर प्लास्टिक असल्यामुळे गोंद चिकटत नाही. पण हा महाग असतो आणि वजनदारही. पॅनेल हे एकच काम डोळ्यांसमोर असेल तर सुरुवातीला याची गरज नाही.

*ॲल्युमिनियमचा बार क्लॅम्प.* हलका, हाताळायला सोपा, डाग पडत नाहीत. पातळ पत्र्याचा असेल तर जोर लावला की दांडा वाकतो. पोकळ दांड्याच्या आत बरोबर मापाची लाकडी पट्टी ठोकून बसवली की तो बराच ताठ होतो. शेल्फ, दारं अशा मध्यम कामाला हा पुरतो.

*एफ क्लॅम्प.* बाकी पन्नास कामांना हवाच, पण पॅनेल आवळायला माझी दुसरी पसंती. जबडा दांड्यापासून बराच लांब असल्यामुळे जोर दिला की दांडा लवकर वाकतो. लहान, ३०-४० सेंमीच्या पॅनेलला ठीक. पुढे सांगितलेल्या दाबपट्ट्या धरायला मात्र हाच लागतो.

*एका हाताने दाबायचे ट्रिगर क्लॅम्प.* नवीन माणूस याच्याकडेच पहिला वळतो, कारण वापरायला फार सोयीचा वाटतो. याला जोर कमी आणि दांडा लवचिक. फळ्या जागेवर तात्पुरत्या धरायला घ्या. पॅनेलचा सांधा याच्या भरवशावर सोडू नका.

*जी क्लॅम्प*, म्हणजे इंग्रजी G च्या आकाराचा, फक्त टोकाला दोन फळ्यांची पातळी एक करायला लागतो. एखादी जोडी पुरे.

काहीच घ्यायचं नसेल तर पाचरीचा क्लॅम्प स्वतः करता येतो. पॅनेलच्या रुंदीपेक्षा लांब, जाड पट्टी घ्या. एका टोकाला ठोकळा पक्का बसवा, दुसऱ्या टोकाला पॅनेलच्या रुंदीपेक्षा थोडं पुढे दुसरा ठोकळा. पॅनेल मध्ये ठेवून उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट दिशेने घाला आणि दोन्ही बाजूंनी सारख्या ठोका. पाचरीचा उतार कमी ठेवा, म्हणजे ती मागे सरकत नाही. अशा चार पट्ट्यांवर सुंदर पॅनेल होतं. फक्त प्रत्येक नव्या रुंदीला ठोकळा हलवावा लागतो, म्हणून पट्टीत भोकांची ओळ पाडून ठेवलेली बरी.

४. हातात घेऊन तपासा

पाकिटावरच्या जोराच्या आकड्यापेक्षा तुमचा हात आणि डोळा जास्त सांगतात.

दांडा डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, बाक किंवा पीळ लगेच दिसतो. स्क्रू टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मध्येच घट्ट आणि मध्येच सैल लागत असेल तर तो नग बाजूला ठेवा. सरकता जबडा सोडून, ओढून बघा. झटका दिल्यावर त्याने दांडा जागच्या जागी पकडला पाहिजे, थोडा थोडा सरकत गेला तर दाब दिल्यावर नक्की सटकणार. मग क्लॅम्पमध्ये एखादा ठोकळा धरून आवळा आणि जबडे बघा: ते समोरासमोर राहतात की वरून बाहेर झुकतात? थोडं झुकणं चालतं. उघड्या डोळ्याला ठळक दिसेल इतकं झुकणं म्हणजे पॅनेलला बाक येणार.

मुठीचाही विचार करा. गुळगुळीत गोल मूठ गोंदाळलेल्या हातात फिरते. आडव्या दांडीची मूठ जास्त चांगली. ती मूठ लांब करायला पाइप घालून आवळू नका. त्याने आटे जातात, आणि एवढा जोर लागतोय याचा अर्थ सांध्यात काहीतरी चुकलंय.

आणि घेताना सगळे एकाच बनावटीचे घ्या. हा हट्ट सौंदर्यासाठी नाही. पॅनेल क्लॅम्पच्या दांड्यांवर टेकतं. दांड्यांची उंची वेगवेगळी असली तर पॅनेल पहिल्याच क्षणापासून वाकडं बसतं.

५. बाकीचं सामान जवळ ठेवा

गोंद लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. हे सगळं हाताशी हवं:

- ताठ क्लॅम्प, हिशोबाने येतील तेवढे आणि एक जास्तीचा
- कडांना लावायच्या मऊ लाकडाच्या पट्ट्या, पॅनेलइतक्या जाड
- दाबपट्ट्यांच्या दोन-तीन जोड्या आणि त्यांना धरायला एफ क्लॅम्प
- मेणकागद किंवा पॅकिंग टेप
- गोंद, तो पसरवायला लहान रोलर किंवा ताठ ब्रश
- सरळपट्टी, पेन्सिल, रबरी हातोडी
- पातळ पटाशी किंवा खरवडणी, ओलं फडकं

दाबपट्टी म्हणजे पॅनेलच्या आरपार, वर आणि खाली समोरासमोर ठेवायची जाड पट्टी. दोन्ही टोकांना एफ क्लॅम्पने आवळली की सगळ्या फळ्या एका पातळीत येतात. तिच्या पॅनेलकडच्या बाजूला मध्यावर १-२ मिमी फुगवटा ठेवा, टोकांकडे तो कमी होत गेला पाहिजे. टोकं आवळल्यावर मध्यालाही दाब मिळतो तो या फुगवट्यामुळेच. सरळ पट्टी फक्त कडांवर दाबते आणि मधल्या फळ्या वरखाली राहतात. पट्टीवर टेप चिकटवायला विसरू नका, नाहीतर तीही पॅनेलचाच भाग होऊन बसते.

६. गोंद न लावता एकदा पूर्ण जुळवा

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका.

फळ्या मांडा, वरच्या बाजूला सगळ्यांवरून एक मोठा त्रिकोण पेन्सिलीने काढा, म्हणजे क्रम आणि दिशा नंतर चुकत नाही. मग शेजारच्या दोन फळ्या नुसत्या हाताने एकमेकींना लावा आणि मागून उजेड धरून बघा. उजेडाची रेघ दिसते का? टोकाला दिसत असेल तर कड परत रंधा. मध्यावर केसाएवढी फट असेल आणि हाताने दाबल्यावर मिटत असेल तर ती चालते, उलट काही सुतार लांब सांध्यात ती मुद्दाम ठेवतात, कारण टोकं आधी सुकतात आणि आकसतात.

मध्यावर एकच क्लॅम्प लावून दोन बोटांनी आवळा. सांधा पूर्ण मिटला पाहिजे. मिटवायला अंगातला जोर लावावा लागत असेल तर क्लॅम्प बदलून उपयोग नाही, रंधा हातात घ्या. जबरदस्तीने मिटवलेला सांधा क्लॅम्प काढल्यावरही ताणातच असतो आणि पुढे कधीतरी टोकाशी उघडतो.

कडा काटकोनात रंधणं जमत नसेल तर एक युक्ती आहे. शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा पृष्ठभागाला पृष्ठभाग लावून एकत्र धरा आणि दोन्ही कडा एकाच वेळी रंधा. कोन किंचित चुकला तरी उघडून शेजारी ठेवल्यावर एकीची चूक दुसरी भरून काढते आणि पॅनेल सपाट राहतं.

आता सगळे क्लॅम्प लावून बघा. दांडे ज्यावर ठेवले आहेत ती जागा सपाट आहे का? दोन सारख्या रुंदीच्या सरळ पट्ट्या पॅनेलच्या दोन टोकांवर आडव्या उभ्या करा आणि डोळा खाली नेऊन एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. तिरक्या दिसल्या तर खालची बैठक पिळलेली आहे. तिथे दांड्याखाली पातळ चिप घाला. असाच गोंद लावलात तर तो पीळ पॅनेलमध्ये कायमचा बसेल.

७. एक खाली, एक वर

सगळे क्लॅम्प खालून लावले तर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. दाब दांड्यापासून थोडा वर पडतो. त्यामुळे आवळताना जबडे वरच्या बाजूने बाहेर झुकतात आणि दांड्याचा मध्य वर उचलला जातो. जबड्याचा खालचा भाग कडेत रुततो, वरचा सुटतो. पॅनेल मध्यावर फुगतं आणि सांधे वरून उघडू लागतात. तुम्ही आणखी आवळता, ते आणखी फुगतं.

म्हणून क्लॅम्प आलटून पालटून लावा: एक खाली, पुढचा वर. दोघांचे ओढे विरुद्ध असतात आणि एकमेकांना मारतात. टोकांचे दोन्ही खालून असले तर पॅनेलला बैठक मिळते. क्लॅम्प विषम संख्येत असले की ही मांडणी आपोआप बसते.

दुसरी गोष्ट, स्क्रूचा मध्य आणि पॅनेलच्या जाडीचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. पातळ पॅनेल थेट पाइपवर ठेवलं तर स्क्रूचा मध्य त्याच्या बराच वर राहतो. मग पॅनेलखाली, दांड्याला लागून, पातळ पट्ट्या घालून त्याला उचला. किंवा जबडा आणि कड यांच्यामध्ये, जाडीच्या बरोबर मध्यावर, पेन्सिलीएवढी गोल दांडी आडवी धरा. जबडा कितीही झुकला तरी दाब त्या एकाच रेषेतून जातो. मऊ लाकडात दांडीचा वळ उठतो, तेव्हा मध्ये पट्टी हवीच.

८. गोंद लावा आणि आवळा

पीव्हीए गोंद लावल्यापासून जुळवाजुळव पूर्ण करायला साधारण ५ ते १० मिनिटं मिळतात. उष्ण, कोरड्या हवेत त्याहून कमी. थंडीत, तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर थांबा. अनेक पीव्हीए गोंद तेवढ्या थंडीत नीट धरत नाहीत, सुकल्यावर खडूसारखे भुसभुशीत होतात. नेमका आकडा बाटलीवर असतो, तो वाचा. फळ्या सहा-आठ असतील तर सगळं एका दमात करू नका. आधी दोन अर्धी पॅनेलं करा, मग ती जोडा.

फळ्या कडेवर उभ्या करून कडांवर गोंदाची सलग रेघ सोडा आणि रोलरने पसरवा. खालचं लाकूड कुठेही उघडं दिसता कामा नये. मग फळ्या दांड्यांवर आडव्या करा, हाताने मागेपुढे किंचित घासा म्हणजे गोंद दोन्हीकडे बसतो, आणि मधला क्लॅम्प आधी हलका आवळा. तिथून टोकांकडे जा. या फेरीत कुठलाच क्लॅम्प पूर्ण आवळायचा नाही.

आता सांध्यावरून बोटाचं टोक आडवं फिरवा. वरखाली असेल तर नखाला पायरी लागते. जिथे लागली तिथे उंच फळीवर रबरी हातोडीने हलकेच ठोका, टोकाला जी क्लॅम्प लावा, दाबपट्ट्या चढवून आवळा. पातळी जुळली की मगच मुख्य क्लॅम्प पूर्ण आवळा, पुन्हा मध्यापासून बाहेर.

सांध्याकडे नीट बघा. आवळत जाल तसे गोंदाचे बारीक मणी एकामागून एक वर येतात, आणि शेवटी सांध्याच्या पूर्ण लांबीवर त्यांची सारखी रांग उभी राहते. हीच खूण आहे. ओघळ येत असतील तर गोंद जास्त झाला, त्याने बिघडत नाही. एखाद्या तुकड्यात मणी आलेच नाहीत, तर तिथे गोंद कमी आहे किंवा दाब पोचत नाही. शिल्लक ठेवलेला जास्तीचा क्लॅम्प तिथे लावा. तरीही मणी आले नाहीत तर वेळ आहे तोवर सगळं उघडून गोंद पुन्हा लावा.

शेवटी सरळपट्टी पॅनेलवर आडवी ठेवून बघा. मध्ये फुगलं असेल तर खालचे क्लॅम्प थोडे सैल करा आणि वरचे थोडे आवळा. मध्ये खोल गेलं असेल तर उलट. हे आत्ता दोन मिनिटांत होतं, उद्या त्यासाठी अर्धा दिवस रंधा मारावा लागेल.

९. कधी काढायचे

बाहेर आलेला गोंद ओला असताना फडक्याने फासू नका. तो लाकडाच्या रेषांमध्ये जाऊन बसतो आणि पॉलिश केल्यावर पांढुरके डाग दिसतात. अर्धा-पाऊण तास थांबा. गोंद रबरासारखा झाला की पटाशीने किंवा खरवडणीने तो सलग पट्टीत निघतो. क्लॅम्पच्या खालची जागा राहून जाते, ती क्लॅम्प काढल्यावर करा.

साध्या पीव्हीएला क्लॅम्प अर्धा ते एक तास पुरतो, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. ते ताण नसलेल्या सांध्यासाठी. कठीण लाकूड, थंड हवा किंवा रुंद पॅनेल असेल तर मी रात्रभर ठेवतो. काढताना सगळे क्लॅम्प थोडे थोडे सैल करत जा, एक पूर्ण उघडून दुसऱ्याकडे जाऊ नका.

लगेच रंधायची घाई मात्र करू नका. गोंदातलं पाणी सांध्याजवळच्या लाकडात शिरून ते किंचित फुगलेलं असतं. तेव्हाच रंधा मारून सपाट केलंत, तर पाणी उडाल्यावर तो भाग खाली बसतो आणि प्रत्येक सांध्यावर उथळ घळ उमटते. चकचकीत पॉलिशखाली ती फार डोळ्यात भरते. निदान २४ तास द्या, जमलं तर त्याहून जास्त. या काळात पॅनेल जमिनीवर सपाट टाकू नका. खाली पट्ट्या ठेवून किंवा भिंतीला उभं करून, दोन्ही बाजूंना हवा लागेल असं ठेवा. एकाच बाजूने सुकलं तर चांगलं जोडलेलं पॅनेलही बाक घेतं.

१०. क्लॅम्पची निगा

काम झालं की दांड्यावरचा गोंद त्याच दिवशी खरवडून काढा. वाळलेल्या गोंदाच्या गाठीवर सरकता जबडा अडतो, आणि बरोबर गोंद लावलेला असताना, घाईत, अडतो. दांड्यावर मेणाचा पातळ हात फिरवला की गोंद चिकटत नाही आणि गंजही लागत नाही. पाइप क्लॅम्पला मात्र मेण बेताचंच लावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या, चकत्यांची पकड सुटता कामा नये. स्क्रूच्या आट्यांना कोरडं वंगण किंवा मेण लावा. तेल नको, ते लाकडावर ठिबकतं आणि त्या जागी पॉलिश धरत नाही. ठेवताना लांब क्लॅम्प भिंतीवर टांगा. कोपऱ्यात तिरके टेकवून ठेवले तर घसरून पडतात आणि दांड्याला बाक येतो.